निरोप कोण पोचवणार?

मला रिकामा रकाना बघवत नाही. हा दोष घराण्याचा आहे. आजोबा कचेरीत कारकून, वडील कचेरीत कारकून, आणि मी आरोग्य खात्यात आकडेवारी सांभाळणारा, म्हणजे कारकूनच, फक्त कॉम्प्युटरवरचा. बँकेत माझ्या पुढच्या माणसानं फॉर्ममध्ये वडिलांचं नाव लिहायचं सोडलं तरी माझा जीव वरखाली होतो. बायको म्हणायची, तुम्हाला देवानं माणूस म्हणून पाठवलंय की फॉर्म म्हणून? ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. या स्वभावापायी मी नोकरीभर साहेबांच्या शाबासक्या मिळवल्या, आणि याच स्वभावापायी एका पहिलटकरणीचा जीव धोक्यात घातला. तेच सांगायला बसलोय.

निवृत्तीच्या आधीची शेवटची दोन वर्षं होती. वेरूळच्या आसपासच्या पाच गावांत गरोदर बायकांसाठी मोबाईलवरचं एक ॲप चालवून बघायचं ठरलं. गावातल्या आशाताईनं बाईची नोंद करायची, तपासणीच्या तारखा ॲप काढणार, आणि आदल्या दिवशी त्या बाईच्या मोबाईलवर निरोप जाणार. पाच गावांत जमलं तर पुढं सगळ्या जिल्ह्यात. निरोपाचा मजकूर मीच लिहिला होता. ‘प्रिय लाभार्थी, आपली प्रसूतीपूर्व तपासणी उद्या नियोजित आहे. कृपया उपस्थित राहावे.’ मजकूर मंजूर झाला तेव्हा ऑफिसात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते.

शिकवणी आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात झाली. पाच आशाताई, पाच नवेकोरे मोबाईल आणि शिकवायला मी. चौघींनी तासाभरात बरंचसं उचललं. पाचवीचं काही केल्या जमेना. तिनं बोट लावलं की मोबाईल ढिम्म. भाकऱ्या थापून आणि निंदणी करून बोटांची टोकं अशी राठ झाली होती की काचेला ती कळतच नव्हती. मग ती पुस्तकाचं पान उलटावं तसं बोट जिभेला लावायची आणि दाबायची. मोबाईल लगेच भलतीकडं पळायचा. तिसऱ्यांदा तिनं एका बाईचं वय चारशे बावीस टाकलं तेव्हा माझा आवाज चढला.

ती शांतपणे म्हणाली, “सर, तुमी रागावलात की बोट आणखीच चुकतंय. जरा तिकडं बघा, मी टाकते.”

मी तिकडं बघितलं. तिनं बावीस टाकलं. मग माझ्याकडं वळून असं हसली की पाढा म्हणून दाखवलेली पहिलीतली मुलगीच. चाळिशी ओलांडलेली बाई, दोन सुना घरात, आणि त्या हसण्यापुढं मला रागावताच येईना. त्या दिवसापासून मी तिला ताई म्हणायला लागलो. ती मला सरच म्हणत राहिली, पण त्या सरमध्ये माझी कीव जास्त आणि मान कमी असायचा.

सहा महिन्यांत नवल झालं. पाचही गावांत तपासणीला येणाऱ्या बायका वाढल्या, आणि सगळ्यात पुढं कोणाचं गाव, तर या बोट ओलं करणाऱ्या ताईचं. तिथली एकही बाई तारीख चुकवत नव्हती. मोठमोठे पाहुणे बघायला येऊ लागले. ते सकाळी लेणी बघायचे, दुपारी ताईला बघायचे आणि दोन्हीकडं सारख्याच माना डोलवायचे. ताई प्रत्येकाला चहा करून द्यायची. एकदा पाहुण्यांनी विचारलं, या यशाचं रहस्य काय? ती म्हणाली, “रहस्य कसलं? निरोप येतो, बाई जाते.” मी हेच वाक्य अहवालात जरा सजवून लिहिलं. निरोप मिळतो, लाभार्थी उपस्थित राहते. त्याखाली आलेख काढला. आलेख सुरेख चढत गेला होता.

मग वरून हुकूम आला की आता सगळ्या जिल्ह्यात लावा, आणि आमची धांदल उडाली. ॲप करणारी मुलगी पुण्याहून दर आठवड्याला येऊ लागली. चलाख पोर. चष्मा डोक्यावर ठेवून तोच चष्मा टेबलावर शोधायची. पाच गावांत जे हातानं सांभाळून घेता येत होतं ते हजार ठिकाणी सांभाळता येणार नव्हतं, म्हणून नियम करायचे ठरले. जिल्ह्याच्या नावाच्या यादीत जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही राहिली होती, त्यामुळं काही बायका एकाच वेळी दोन जिल्ह्यांत गरोदर होत्या. ते निस्तरताना आम्ही पोट धरून हसलो. कागदी रजिस्टरंही बंद झाली. आता सगळं मोबाईलवर, असं सांगत मी स्वतः गावोगाव फिरलो आणि जुनी रजिस्टरं जमा करून घेतली. ताईनं तिचं रजिस्टर देताना दोनदा हात मागं घेतला होता. मला ते दिसलं होतं.

त्याच दिवसांत पाच गावांची यादी साफ करायला मी बसलो. नवा नियम असा होता की एक मोबाईल नंबर, एक बाई. नियम माझाच होता. ताईचं गाव उघडलं आणि मी खुर्चीत ताठ झालो. सतरा गरोदर बायका आणि सतराजणींपुढं एकच नंबर. माझ्या ओळखीचा नाही. खात्यानं ताईला दिलेल्या मोबाईलचा नंबर मला पाठ होता, हा तो नव्हता. मी धरूनच चाललो की रकाना भरायचा कंटाळा म्हणून बाईनं कुठलातरी खोटा नंबर ठोकलाय. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो नंबर फिरवून बघायला एक मिनिट लागलं असतं. मी नाही फिरवला. इकडून तिकडून कागद काढले, कुणाच्या नवऱ्याचा, कुणाच्या सासऱ्याचा असे सतरा खरे नंबर मिळवले आणि एकेक करून भरले. संध्याकाळी यादी लख्ख झाली. घरी जाताना मी उस्मानपुऱ्याच्या चौकात थांबून स्वतःला एक प्लेट भजी खायला घातली.

पुढचे तीन आठवडे मी जिल्हाभर शिकवण्या देत फिरत होतो. ताईचे दोन फोन येऊन गेले. आपण तिची चोरी पकडलीय, ती आता सारवासारव करणार, असं वाटून मी उलट फोन केला नाही.

एका मंगळवारी मी सकाळी ऑफिसात पोचलो तर ताई व्हरांड्यात बसलेली. खांद्याला पिशवी, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. मला बघून उभी राहिली आणि पिशवीतून एक बटणांचा जुना मोबाईल काढून माझ्यापुढं धरला.

“सर, ह्यो वाजंना.”

मी म्हटलं, “ताई, मोबाईल दुरुस्तीचं दुकान खाली चौकात आहे.”

“दुकानात दावला. तो म्हणतो, मोबाईल चांगला हाय, तुम्हाला कुणी निरोपच धाडंना. तीन आठवडे झाले सर. पयले रोज एक तरी यायचा. आता एक बी नाय.”

मी मोबाईलचा नंबर विचारला. तिनं तोंडपाठ सांगितला. सतरा ठिकाणी मी खोडलेला नंबर.

तरी आवाज साहेबाचाच राहिला. मी विचारलं, “ताई, सतरा बायकांपुढं तुम्ही तुमचा नंबर का टाकलात?”

तिला प्रश्नच कळला नाही. “मग कुणाचा टाकू? बायांकडं कुठं असतोय मोबाईल? घरात एक असतो, त्यो नवऱ्यासंगं वाळूजला कंपनीत जातो. निरोप आला तर तो नवऱ्याला कळणार, पोट बायकोचं. म्हणून म्या माझा टाकला. निरोप आला, नाव वाचलं, की पदर खोचायचा आन् जायचं तिच्या दारात. ए बये, उद्या तपासणी हाय, भाकऱ्या येरवाळीच थाप. दुसऱ्या दिवशी परत जायचं. गेले व्हते म्हणती का? कागद दाव. कागद पाहिल्याबगर म्या कुणाचं ऐकत नसते.”

सहा महिने माझा ‘प्रिय लाभार्थी’ ताईच्या गावात एकाही लाभार्थीनं वाचला नव्हता. तो एकट्या ताईनं वाचला होता, आणि जो आलेख मी काढला तो तिच्या चपलांचा होता. खुर्ची ओढून तिला बसायला सांगितलं.

ती बसली नाही. म्हणाली, “ते ऱ्हाऊ द्या. माझं काम दुसरं हाय. सोळाजणी गावातच हायत, त्यांच्या घरी मी आपली अंदाजानं जाऊन आले. सतरावी गावात नाय. पहिलं बाळंतपण, म्हणून आईनं सातव्या महिन्यात नेली. पार अजिंठ्याकडं माहेर हाय तिचं. तिचं बीपी वाढत होतं सर. गोळ्या चालू हायत, दर पंधरा दिवसाला दावायचंय. निरोप आला की मी तिच्या आईला फोन लावायची, आई तिला न्यायची. आता निरोप बी नाय, आन् दोन दिवस झाले आईचा मोबाईल बी लागंना. नवं ॲप माझ्या मोबाईलवर नुसतं गोल गोल फिरतंय, रजिस्टर तुमी घेऊन गेलात. तेवढी तिची तारीख बघून सांगा. मी इथूनच एसटीनं तिकडं जाते.”

मी कॉम्प्युटर उघडला. तारीख नऊ दिवसांपूर्वी होऊन गेली होती. निरोप नवऱ्याच्या नंबरवर गेला होता आणि त्याच्यापुढं हिरवी खूण होती. संदेश पोचला. तपासणीचा रकाना रिकामा होता. आयुष्यात रिकाम्या रकान्याची मला चीड आली होती, भीती त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

नवऱ्याला फोन लावला. शिफ्टमध्ये होता, मोबाईल गेटवर जमा. माहेरच्या गावातल्या आशाताईनं तरी बघितलं असेल म्हटलं, तर तिच्या यादीत ही बाई नव्हतीच, कारण ॲपच्या लेखी ती सासरीच होती. आमच्याकडं लग्नाच्या बोलण्यातच ठरलेलं असतं की पहिलं बाळंतपण माहेरी. पोराटोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट. पण एवढे रकाने आखले त्यात माहेरच्या गावाचा रकाना आखायचं मला सुचलं नव्हतं. माझी स्वतःची बायको पहिल्या खेपेला चार महिने माहेरी होती, तरी सुचलं नव्हतं.

आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे जिल्ह्याचं हे काम बघणाऱ्या डॉक्टर, त्यांच्या खोलीत मी शिरलो. यादी मी बिघडवली हे एका दमात सांगितलं. त्यांनी माझ्याकडं एकदा नीट बघितलं. एवढंच म्हणाल्या, “आधी मुलगी शोधा. तुमचं मग बघू.” आणि स्वतःची जीप दिली.

जीपचा ड्रायव्हर म्हणजे पिकल्या दाढीचे चाचा. ताईनं त्यांना सगळं सांगितलं तसं त्यांनी हातातला चहा तसाच ठेवला. “फिकर मत करो ताई, अब्बी पौंचा देता.” फुलंब्री गेलं, सिल्लोड आलं. कपाशीची रानं दोन्ही बाजूंनी पळत होती. ताई दर दहा मिनिटांनी आईचा नंबर फिरवायची, कानाला लावायची आणि खाली ठेवायची. मी माफी मागायला तोंड उघडलं की ती विषय बदलायची. शेवटी म्हणाली, “सर, सारखं काय हात चोळता? भूक लागली असंल तुम्हाला.” पिशवीतून फडकं काढलं, अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. त्या ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं, आणि बरंच झालं, कारण ते तसंही येणार होतं.

गाव अजिंठ्याच्या अलीकडं, डांबरी रस्त्यापासून आत. मुलगी ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, समोर सुपात मूग निवडायला घेतलेले. वय विशीच्या आतबाहेर. ताईला बघून तिचा चेहरा एकदम फुलला आणि ती उठायला गेली. ताई ओरडली, “बस तिथंच!” जवळ जाऊन तिनं पोरीच्या पायावर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला.

आई आतून पाणी घेऊन आली. मोबाईल पाण्याच्या हंड्यात पडला म्हणून बंद होता. “पहिलटकरणीचे पाय सुजतातच की ताई. परवापासून डोकं दुखायलंय म्हणती, ऊन लागलं असंल. तुमचा फोन आला नाय, मला वाटलं आता दावायची गरज नसंल.”

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, एवढा त्या बाईचा ताईवर विश्वास होता, आणि तो फोन मी बंद केला होता.

ताई पोरीजवळ बसली. “डोळ्यांपुढं अंधारी येती का?” पोरीनं मान हलवली. “व्हय. काल आली व्हती.” ताईनं माझ्याकडं बघितलं आणि मी जीपकडं पळालो. या वयात मी इतका पळू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

सिल्लोडच्या दवाखान्यात बीपी मोजलं तेव्हा तिथल्या सिस्टरनं पट्टा सोडून पुन्हा बांधला आणि पुन्हा मोजलं. इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हाला तडक शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायला सांगितलं, ॲम्ब्युलन्समधून, सोबत सिस्टर देऊन. मागं जीपमध्ये मी आणि चाचा. पुढं ॲम्ब्युलन्सच्या काचेतून मला ताईची पाठ दिसत होती. पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि ताईचा हात सारखा खालीवर होत होता, केसांवरून फिरत असणार. मी देवाधर्माचा माणूस नाही. त्या साठ-पासष्ट किलोमीटरमध्ये मी जेवढे देव आठवले तेवढ्या सगळ्यांची नावं घेतली, आणि शेजारी चाचांचेही ओठ हलत होते.

तिसऱ्या दिवशी तिला मुलगी झाली. लहानशी, ओंजळीत मावेल एवढी, पण रडणं खणखणीत. बाळंतीण आठवडाभर अशक्त होती, मग सावरली. मी बघायला गेलो तर तरुण बाप दाराशी उभा. कंपनीचा निळा शर्ट, डोळे रडून सुजलेले. मला म्हणाला, “सर, निरोप आला व्हता. प्रिय लाभार्थी म्हणून लिव्हलेलं. मला वाटलं लोनवाल्याची जाहिरात हाय. खोडून टाकला.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मजकूर कुणाचा होता ते मी त्याला सांगितलं. त्याला नीट कळलं की नाही कोण जाणे, पण मला सांगायचंच होतं.

पुढच्या आठवड्यात बैठक होती. जिल्हाभर पसरवायच्या कामाची शेवटची बैठक. मी उभा राहिलो आणि म्हणालो की अहवालात मी जे लिहिलंय ते चूक आहे. बायका निरोपानं आल्या नाहीत, निरोप घेऊन जाणाऱ्या बाईमुळं आल्या. ते आपण मोजलंच नाही. मग सुपातल्या मुगापासून सगळं सांगितलं. कुणीतरी मागं हसलं. मोठ्या मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “मग आता काय बदलायचं ते बोला.”

मी म्हणालो, “दोन रकाने वाढवा. एक, माहेरचं गाव. दुसरा, निरोप कोण पोचवणार?”

पुण्याची मुलगी चष्मा डोक्यावरून खाली घेत म्हणाली, “सर, पण मोबाईल नंबर आहे ना? तोच तर पोचवणार.”

“मोबाईल वाजतो. पोचवायला माणूस लागतं.”

तिनं पुष्कळ वाद घातला. एका नंबरवर अनेक बायका आल्या तर गोंधळ होईल, यादी खराब होईल. हे सगळे माझेच मुद्दे होते, महिन्यापूर्वीचे. मी तिला जीपमध्ये घालून ताईच्या गावी नेलं. ताईनं तिला चहा दिला, दोन दारांवर फिरवलं आणि एका बाईला ‘कागद दाव’ म्हणून दमात घेतलं. परतीच्या वाटेवरच त्या पोरीनं लॅपटॉप मांडीवर उघडला. दोन्ही रकाने आले. आणि मी एक अट घालून घेतली. निरोप पोचवणाऱ्याच्या रकान्यात जिची तपासणी तिचाच नंबर चालणार नाही, आणि तो रकाना रिकामा ठेवून पुढं जाताच येणार नाही. खोड जात नाही माणसाची.

सगळीकडं सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळ गावांत नेटवर्क नाही, काही ठिकाणी अजूनही कुणीतरी काहीतरी ठोकून मोकळं होतं. पण निवृत्त होईपर्यंत रोज जेवणानंतर मी तो रकाना वाचत बसायचो, लोक वर्तमानपत्र वाचतात तसा. सासू. धाकटी जाऊ. अंगणवाडीच्या बाई. शेजारची भाभी. पिठाच्या गिरणीवाली. एका बाईनं दिलं होतं, ‘नणंद, पण भांडण मिटल्यावर.’ कुणाचं कोण असतं ते एवढ्या स्वच्छ अक्षरात मी कुठं वाचलं नव्हतं.

निवृत्त झालो. आता ते ॲप फक्त गरोदर बायकांपुरतं राहिलेलं नाही. बीपी, साखर, सगळ्यांना धरलंय, आणि ते शहरातही आलंय. गेल्या महिन्यात सकाळी दाराची बेल वाजली. आमच्या वॉर्डाच्या नव्या सिस्टर होत्या, हातात टॅब. तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी चाललीय म्हणाल्या. मी कौतुकानं आत बोलावलं. हे सगळं आपण सुरू केलंय, असं सांगायला जीभ शिवशिवत होती. तिनं पट्टा बांधला, मोजलं, पुन्हा मोजलं. वरचा आकडा चांगलाच चढलेला. दर पंधरा दिवसांनी दवाखान्यात यावं लागेल म्हणाली, आणि टॅबवर रकाने भरत गेली. नाव. वय. पत्ता. मोबाईल. मग मान वर करून विचारलं, “काका, निरोप कोण पोचवणार?”

मी म्हणालो, “माझाच नंबर टाका. मला कळतं सगळं.”

“नाही घेत ना काका. स्वतःचा चालत नाही. कुणी आचरटानं नियम केलाय कोण जाणे.”

मुलगा पुण्यात आहे, गुणी आहे, पण तो निरोप बघून मला अंगठा पाठवेल आणि मीटिंगला जाईल. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला नीट ठाऊक नाही. भिंतीवर बायकोचा फोटो होता, त्याच्याकडं नजर गेली आणि परत आली. सिस्टर थांबून होती. तिच्या टॅबवर तो एकच रकाना रिकामा राहिला होता, आणि तो माझा होता.

तिला बरं वाटावं म्हणून सुचेल ते बोलणार, तोच एक नंबर तोंडातून बाहेर पडला. सतरा वेळा खोडताना पाठ झालेला. सिस्टरनं विचारलं, नातं काय? मी म्हणालो, ताई.

नंतर मला लाज वाटली. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. फोन करून सांगावं असं रोज ठरवायचो आणि रोज राहून जायचं. असेच चौदा दिवस गेले. त्या सकाळी मी चहा गाळत होतो आणि फोन वाजला.

“सर, मला निरोप आलाय. तुमच्या नावाचा. बीपी हाय म्हणं तुम्हाला? मला सांगितलं बी नाय?”

मी काहीतरी पुटपुटलो. चुकून तुमचा नंबर गेला, त्रास देतोय, वगैरे. तिनं ऐकून घेतलं नाही.

“उद्या दहा वाजता दवाखाना हाय. सकाळी चहाच्या आधी गोळी खायची का नंतर, ते विचारून या. ठेचा बंद. आन् नुसतं जाऊन आलो म्हणून सांगू नका, म्या ऐकत नसते. आल्यावर फोन लावायचा, तोंड दिसतं तसला, आन् कागद दावायचा.”

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दहाला दहा कमी असतानाच दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी फोन लावला. ताई चुलीपाशी बसली होती. मी कागद काचेपुढं धरला. ती डोळे बारीक करून बराच वेळ वाचत होती.

“जरा सरळ धरा सर,” ती म्हणाली, “अंगठा सरकवा, पुढची तारीख दिसंना.”